बोडके घट

१

पाचव्या माळेच्या सकाळी सिंधूताई झेंडूच्या माळांची टोपली डोक्यावर घेऊन घरून निघाली ती गुणगुणत. चौथ्या घरातून बाहेर पडली तेव्हा तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

निंबारी हे बुलढाण्याकडलं, धाडच्या अलीकडचं, नाल्याकाठचं गाव. नवरात्रात घरोघरी घट बसायचे आणि रोज एक माळ चढायची. माळा मोतीराम माळ्याच्या मळ्यातल्या. मोतीरामाचा गुडघा धरलेला, म्हणून त्या पोचवायचं काम त्याच्या बायकोकडे. सरपंचाचं घर असो की कोतवालाचं, सिंधूताई थेट देवघरापर्यंत जायची. कुणाकडे काय शिजतंय हे तिला चुलीच्याही आधी कळतं, असं लोक म्हणत, आणि तिला ते आवडायचंही.

गावाची एक रीत होती. घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्य टाकायचं ते पेरणीचंच. जे बियाणं रानात जाणार, तेच देवीपुढे. घट कसा उगवतो त्यावरून साल कसं जाईल ते माणसं ओळखायची. तिसऱ्या माळेला कोंब दिसायचे, पाचवीला बोटभर हिरवळ यायची.

या वर्षी कोंब उशिरा येतील अशी चौथ्या माळेपर्यंत सगळ्यांनी मनाची समजूत घातली, पण पाचवीलाही घट बोडके होते. ओल्या मातीवर गंधकाची पिवळी भुकटी लागलेले ज्वारीचे दाणे जसेच्या तसे पडून होते. बायका तोंडाला पदर लावून देवघराच्या दारात उभ्या होत्या. म्हातारी रुखमाबाई तेवढी पुटपुटली, "गावावर काई तरी येऊन राह्यलं, सिंधे. देवीनं तोंड फिरवलं."

एकच घट हिरवागार होता, रंगरावांच्या घरचा. रंगराव म्हणजे पंचायतीतले सर्वांत वडील पंच, शब्दाला पक्के, सगळ्या गावाचे आबा. त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, कौतुकानं समई पुढे सरकवली. सिंधूताईनं माळ दिली, हात जोडले. देवी प्रसन्न होणार तर याच घरात होणार, असं तिला वाटलं आणि जरा हायसं झालं.

पुरुषमंडळींनी मात्र देवीचा विचार केला नाही, रानाचा केला. कारण हे बियाणं मुळी निंबारीचं नव्हतंच.

सन पासष्टचा पाऊस दगा देऊन गेला, आणि पोटापायी गावानं बियाण्याची ज्वारीसुद्धा दळून खाल्ली. नाल्याच्या वरच्या अंगाला शिरसवाडी. तिथले सरपंच उत्तमराव दोन वर्षं नाल्यावर बंधारा बांधायच्या खटपटीत होते. त्याला खालच्या निंबारी पंचायतीचा ना-हरकत ठराव लागत होता, आणि निंबारी तो देत नव्हती. वर पाणी अडलं की खाली धूळ, हे कळायला कुणी शाळेत जायला नको. असं असून यंदा उत्तमरावांनी रब्बीच्या बियाण्याची आठ पोती फुकट पाठवली. अट काही नाही. "ठरावाचं सवडीनं पाहू," एवढाच निरोप. गाव विरघळलं. दसऱ्याला ठराव देऊनच टाकू, असं पारावर बोललं जाऊ लागलं.

आणि आता ते बियाणं मेलेलं निघालं. निम्म्या गावानं पेरलंही होतं. रानात काळी माती तशीच्या तशी दिसत होती.

नेमका त्याच दिवशी, ते बियाणं आणून टाकणारा शिरसवाडीचा गाडीवान पुंजाजी रिकामी पोती न्यायला गाडी घेऊन आला. दुपारपर्यंत तो चावडीत दोरानं बांधलेला होता. पुंजाजी म्हणजे सिंधूताईचा सख्खा थोरला भाऊ.

"उद्या सहाव्या माळेची आरती रंगरावभाऊच्या घरी," सरपंच महादेवरावांनी चावडीवरून सांगितलं. "देवी तिथंच उभी हाये. आरती झाली का याचे दोनी हात मोडू अन् याच्याच गाडीत घालून पाठवू. शिरसवाडीले हेच उत्तर."

चावडीपुढच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

२

"पानी पाज अन् निंघ, बाई," कोतवाल शालिग्राम म्हणाला आणि दारातच बसून राहिला.

पुंजाजी भिंतीला टेकून होता. ओठ फुटलेला. बहिणीला बघून त्याला रडू आलं आणि रडू आल्याची लाजही वाटली.

"दादा, खरं सांग. काय आनलं होतं तुनं?"

"देवीची आन, सिंधे. पांढरीफेक ज्वारी होती. उत्तमरावच्या घरातल्या कनगीतली. म्या सोताच्या हातानं भरली."

"गंधक कोनं लावलं?"

"कायचं गंधक?" पुंजाजी तिच्याकडे बघतच राहिला. "गंधक नव्हतंच. अवं, उतरवताना एक पोतं फाटलं. दोन-तीन पायल्या सांडली भुईवर. म्या बैलं सोडले अन् खाऊ देली त्यायले. गंधकाची असती तं माह्या बैलांले खाऊ देली असती का? माही औलाद हाये ते."

शालिग्राम दारातून म्हणाला, "सांडली होती, हे खरं हाये. म्या पाह्यलं." आणि लगेच, बोलायला नको होतं असं तोंड करून तो पलीकडे बघू लागला.

सिंधूताई बाहेर आली. चावडीच्या बाजूला, लिंबाखाली, जिथे बियाणं आलं त्या दिवशी गाडी सुटली होती तिथे ती वाकली. वरवरचे दाणे चिमण्यांनी कधीच नेले होते. पण त्या दिवशी चिखल होता, बैलांच्या खुरांनी आणि गाडीच्या चाकानं काही दाणे आत दाबले गेले होते. चाकोरीच्या कडेनं हिरव्या कोंबांची एक ओळ उभी होती, टवटवीत.

तिनं एक कोंब अलगद उपटला. मुळाशी दाण्याचं टरफल अजून चिकटलेलं. पांढरं स्वच्छ. पिवळेपणा औषधालाही नाही.

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि टोपली त्या कोंबांवर पालथी घातली. आत्ताच आरडाओरडा केला असता तर काय झालं असतं? माहेरची बाजू घेते म्हणाले असते, आणि ज्यानं हे केलं त्यानं पायानं ते कोंब रगडून टाकले असते. कारण आता एक गोष्ट उघड होती. शिरसवाडीहून बियाणं जिवंत आलं होतं. ते मेलं होतं इथे, निंबारीत.

३

महादेवराव ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. मळून झालेली तंबाखू तोंडात टाकायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"सात एकर पेरून बसलो मी," ते म्हणाले. "तू शिरसवाडीची लेक, तुले काय सांगावं म्हना. पन ह्या उत्तमरावनं गळा कापला आमचा."

"मामा, एकच इचारायचं हाये. गंधक कोनं लावलं?"

"तिकूनच लावून आलं. पिकावर काणी रोग पडू नये म्हून."

"तुमी पोते उघडतांनी पाह्यले?"

"मी कुठं होतो? दोन दिवस बुलढाण्याले गेलतो, मीटिंग होती. चावी रंगरावभाऊपाशी होती. चावडीचं छप्पर गळते, म्हून त्यायनं पोते सोताच्या खळ्यातल्या कोठ्यात ठेवले अन् वाटायच्या दिवशी परत आनले. सोताच्या बैलानं. तो माणूस होता म्हून, नाईतं बियानं भिजलंच असतं."

भिजलं नाही आणि उगवलंही नाही, असं सिंधूताईच्या ओठांवर आलं होतं. ती ओट्यावरून उठली.

घरी येऊन तिनं पेरायला ठेवलेल्या पिशवीतून मूठभर दाणे काढले, कोमट पाण्यात घोळले, फडक्यानं खसाखसा पुसले. गंधक गेलं. खालचा दाणा पांढरा नव्हता. मळकट, तांबूस होता. तिनं तो नवऱ्याच्या नाकाशी धरला.

मोतीरामानं मान झटक्यानं मागे घेतली. "पेव," तो म्हणाला.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड घागरीएवढं, पोट खोलीएवढं. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं राहते, पण कोंडलेल्या उबेनं तिचा रंग उतरतो आणि तिला एक आंबूस वास लागतो. खायला चालते. पेरली तर एक कोंब वर येत नाही. हे निंबारीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रंग झाकल्याशिवाय आणि वास मारल्याशिवाय ती ज्वारी बियाणं म्हणून कुणी हातातही घेतली नसती. गंधकानं दोन्ही कामं केली होती. लोक काणीसाठी गंधक लावतात, इथे कुणीतरी वासासाठी लावलं होतं.

"गावात पेवं किती राह्यले आता?" तिनं विचारलं.

"दोनच. एक महादेवरावचं, एक आबाचं." मोतीरामानं गुडघा चोळला. मग हळूच म्हणाला, "सिंधे, एक ध्यानात ठेव. उद्या शिरसवाडी खरी ठरली का गाव ठराव देईन. बंधारा झाला का नाल्याचं पानी पह्यले आपल्याच मळ्याचं तुटन."

"अन् दादाचे हात?"

मोतीरामानं बियाण्याच्या पिशवीचं तोंड बांधून ती कोपऱ्यात सरकवली.

४

ऊन उतरायच्या आत ती नाला ओलांडून माहेरी गेली. उत्तमराव अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यामागे अंगणात माणसं जमत होती, आणि प्रत्येकाच्या हातात काठी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तिला तेच जास्त भयंकर वाटलं.

"ये पोरी," उत्तमराव म्हणाले. "तुले काय वाटते, म्या मेलेलं बियानं धाडलं?"

"मले नाई वाटत, काका. पन काऊन नाई, ते तुमच्या तोंडून आयकायचं हाये."

उत्तमराव हसले. हसण्यात लाज नव्हती.

"मले निंबारीचा ठराव पाह्यजे. उपाशी, चिडलेलं गाव ठराव देते का? त्याचं रान हिरवं व्हायले पाह्यजे होतं. रोज सकाळी उठून त्यायनं त्या हिरव्या रानाकडं पाहावं अन् माही आठवन काढावी, एवढंच मले पाह्यजे होतं. ते बियानं उगवावं म्हून माह्याएवढा नवस कोनं केला नसन."

"अन् आमचे महादेवमामा?"

"तो तं ठराव लिहायलेच बसला होता. तो कायले बियानं मारन? सात एकर त्याचेच बुडाले." सुपारीचं खांड तोंडात टाकून ते म्हणाले, "ज्याले माह्या उपकाराची धास्ती वाटते, त्याले इचार. अन् तुह्या गावाले सांग, पुंजाजीच्या हाताले धक्का लागला तं हे लोक नाला उतरतीन, मंग मी आवरणार नाई. माह्यापाशी अजून बियानं हाये. पन या खेपेले आधी ठराव, मंग पोतं."

परतताना तिची वाट रंगरावांच्या शेताकडून होती. तास घातलेलं, ढेकूळ फोडलेलं देखणं रान. ती बांधावर बसली आणि माती मुठीत दाबली. लाडू वळला, बोटानं टोकरताच मोकळा झाला. याहून चांगला वाफसा मिळणार नव्हता. तरी निंबारीतल्या सर्वांत हुशार शेतकऱ्यानं अजून एक दाणा पेरला नव्हता.

तेव्हा तिला पहिली माळ आठवली. त्या सकाळी ती रंगरावांच्या देवघरात उभी होती आणि अन्नपूर्णाबाई मातीवर दाणे पसरत होत्या. समईच्या उजेडात ते मोत्यांसारखे दिसत होते. मोत्यांसारखे, म्हणजे पांढरे. बाकी प्रत्येक घरात ते पिवळे होते.

ती नवी नवरी होऊन या गावात आली तेव्हा बायका तिला शिरसवाडीची हेर म्हणून चिडवायच्या. भर पारावर एकाच माणसानं सगळ्यांना दटावलं होतं, "ते आता आपली सून हाये, तिले कोनं बोलायचं नाई." सिंधूताई बांधावर बसून बराच वेळ रडली. मग तिनं डोळे पुसले, कारण दुसऱ्या दिवसाची आरती काही थांबणार नव्हती.

५

सहाव्या माळेला रंगरावांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात पुंजाजी दोरात, शेजारी त्याची गाडी जुंपून तयार. आरती झाली. कापूर विझला. माणसं अंगणाकडे वळू लागली.

"काकू," सिंधूताई मोठ्यानं म्हणाली, "हा घट तुमी कोन्या दान्यानं पेरला?"

अन्नपूर्णाबाई भोळेपणानं म्हणाल्या, "ह्यायनंच देल्ले दाने. उपरन्यात बांधून. म्हनले, घटात हेच टाक, दुसरे नको."

"पिवळे होते का पांढरे?"

"पांढरे, माय. मोत्यावानी."

सिंधूताईनं पदराखालून चाकोरीतला कोंब काढून पाटावर ठेवला, शेजारी पुसलेले तांबूस दाणे ठेवले.

"हा कोंब चावडीपुढचा. दादाच्या गाडीतून सांडलेल्या दान्याचा. शालिग्रामभाऊनं सांडतांनी पाह्यलं, बाकीचे कोंब माह्या टोपलीखाली हायेत, जाऊन पाहा. बियानं जितं आलं होतं. अन् हे आपल्याले वाटलेलं, गंधक पुसून. वास घ्या."

महादेवरावांनी वास घेतला. त्यांचा चेहरा पडला. "पेवातली हाये."

"गावात पेवं दोन. महादेवमामानं आपलेच सात एकर बुडवले नसते. दोन रात्री पोते ज्या खळ्यात होते, त्या खळ्यात दुसरं पेव हाये. त्या रानात वाफसा असून पेरनी नाई. अन् साऱ्या गावात घट उगवला तो एकाच घरी." ती रंगरावांकडे वळली. "आबा, माहं चुकलं असन तं सांगा. चुकलं असं म्हना ना."

रंगराव उभे होते. म्हातारपणीही ताठ असलेला माणूस. त्यांनी गावाकडे पाहिलं, मग घटाकडे.

"चुकलं नाई, सूनबाई," ते म्हणाले. "तिकडं दिल्लीले अमेरिकेचा गहू जहाजानं येते अन् त्याच्यासंगं अटीची चिठ्ठी येते, पेपरात वाचता ना तुमी? इथं चिठ्ठी नव्हती, म्हून मले जास्त भेव वाटलं. दोन सालं धमकावून जे उत्तमरावले भेटलं नाई, ते आठ पोत्यांत तुमी देऊन राह्यलते. ते बियानं उगवलं असतं तं गाव जन्मभर त्याचं मिंधं झालं असतं. म्हून म्या ठरवलं, उगवूच द्यायचं नाई. साऱ्या गावाले फसवलं म्या. देवीपुढं मेलेला दाना टाकायले मात्र हात धजला नाई."

"अन् माह्या भावाचे हात?"

"मोडू देले नसते," रंगराव म्हणाले. मग त्यांची नजर खाली गेली. "देलेबी असते कदाचित. सांगता येत नाई."

शालिग्राम कुणी न सांगता अंगणात गेला आणि त्यानं पुंजाजीचे दोर सोडले.

"खरं बियानं कुठं हाये?" महादेवरावांनी विचारलं.

"हाये. आठी पोते हायेत." रंगरावांच्या आवाजात पुन्हा जोर आला. "दसऱ्याले माह्या हातानं, माहं म्हून वाटनार होतो. कोनाचंच रान पडीत राह्यनार नव्हतं. चला, दाखवतो."

६

पोती त्याच पेवात होती. दुसरीकडे ठेवायला जागा कुठे होती? घरात आठ पोती कुणाच्याही डोळ्यावर आली असती. पेव नुकतंच रिकामं झालेलं, आणि दहा-बारा दिवसांचाच प्रश्न होता.

खळ्यात सगळं गाव जमलं. तोंडावरचा दगड सरकवला तशी आतून ऊब आली, चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढल्यावर येते तशी. शालिग्रामनं दोरीला कंदील बांधून आत सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा विझला.

"आत जाऊ नका," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. पेवाची ऊब काय सांगते हे त्यांच्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं.

आतली कोंडलेली हवा निघून जायची वाट बघत उन्हं कलेपर्यंत सगळे पेवाच्या तोंडाशी बसून होते. कंदील टिकला तेव्हा शालिग्राम उतरला आणि पहिलं पोतं वर आलं. पोत्यातून वाफ निघत होती. महादेवरावांनी विळ्यानं शिवण कापली. आत दाणे नव्हते, मुळांचा पांढरा, चिकट गोळा होता, आणि आंबलेला वास. हस्ताचा पाऊस लिंपणातून झिरपला होता. घाईत पेवाला आतून नवा कडबा लावला नव्हता, तोंडही धड लिंपलं नव्हतं. ओलीनं दाणे फुगले, अंधारात उगवले आणि उबेनं सडले. दुसरं पोतं तसंच निघालं. पाचव्यानंतर त्यांनी पोती काढणं थांबवलं.

रंगराव दगडावर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चाळीस वर्षांत त्यांना बोडक्या डोक्यानं कुणी पाहिलं नव्हतं. लोक आले होते ते संतापून, काही काठ्या घेऊनही आले होते. कुणी काठी उचलली नाही. एकेक जण उठून गेला.

वाफसा अजून चार दिवसांचा होता, आणि आधी ठराव, मगच पोतं, हा उत्तमरावांचा निरोप सिंधूताईनं पोचवला होता. त्याच संध्याकाळी चावडीत ठराव लिहिला गेला. पहिली सही रंगरावांनी केली, कुणी मागितली नव्हती तरी. पुंजाजीनं तो कागद बंडीच्या खिशात ठेवला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडी हाकली. जाताना बहिणीकडे बघून त्यानं दोन्ही हात जोडले. ते धड हात बघून तिला आनंद झाला, आणि त्या खिशाकडे नजर गेली तसा तो आटलाही.

दसऱ्याला निंबारीत घटाचे कोंब टोपीत खोवायची रीत. त्या वर्षी ते एकाच घरी होते. अन्नपूर्णाबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. माणसं समोरून जात होती, कुणी थांबलं नाही. सिंधूताई थांबली. तिनं दोन कोंब उचलले, एक स्वतःच्या अंबाड्यात खोवला आणि दुसरा आत जाऊन रंगरावांच्या टोपीत.

बंधारा दोन वर्षांत उभा राहिला. पहिल्याच उन्हाळ्यात मोतीरामाच्या मळ्याचं पाणी तुटलं. वांगी गेली, मग मिरच्या, आणि श्रावणात झेंडूची रोपं लावायला विहिरीत बादली बुडेना.

त्या नवरात्रात निंबारीच्या घटांना माळा शिरसवाडीहून आल्या. पुंजाजीच्या गाडीतून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, रोज सकाळी, एकही दिवस न चुकता. सिंधूताई त्या टोपलीत भरून घरोघर पोचवायची.

उत्तमरावांनी त्या माळांचे पैसे घेतले नाहीत.